उजव्या हाताची जागा

“बघायला काडी, पण जेवते दोघींचं!”

कोठीच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत वसुमतीबाई आपल्या लेकीला, कमलाला, हलक्या आवाजात सांगत होत्या. बाहेर त्यांची नवी सून अनुसूया भाताचं रिकामं पातेलं घेऊन उभी होती. तिच्या पोटात कित्येक दिवसांत ताकाखेरीज काही गेलं नव्हतं. तिला हसू आलं. पण हसायलाही थोडं बळ लागतं, म्हणून तिनं ते तसंच सोडून दिलं.

“तांदूळ वाढवले तरी पातेलं खरडलेलंच,” कमला म्हणाली. “आणि अंगाला तर स्वल्पसुद्धा लागत नाही.”

“प्राणेशला सांगते मी. पोटात काही दोष असला तर आत्ताच माहेरी नेऊन घाल म्हणावं. नंतर निस्तरत कोण बसेल?”

अनुसूया पाय न वाजवता मोरीकडे गेली. नेऊन घालतील, हे तिला ठाऊक होतं. काय सांगायचं, तेवढं ठाऊक नव्हतं.

हे सगळं टेबल आल्यापासूनचं. सासरे भीमाचार्य यांचे गुडघे गेले होते. पाटावर बसलं की दोघांनी धरून उठवावं लागे. माणूस मानी, उठवून घ्यावं लागू नये म्हणून ते जेवणच टाळू लागले. तेव्हा प्राणेशनं टेबल घ्यायचं मनावर घेतलं. नवं परवडणारं नव्हतं. मग सुट्टीचा दिवस आला की नवराबायको चामराजपेठेतून निघायची आणि दंडूतली, म्हणजे कंटोन्मेंटातली, जुन्या सामानाची दुकानं पालथी घालायची. कुठे पाय वाळवीनं खाल्लेला, कुठे टेबल बरं तर किंमत ऐकूनच घाम. लग्नानंतरचं फिरणं म्हणतात ते अनुसूयेच्या वाट्याला असं आलं.

शेवटी एका बंगल्यात मिळालं. घरातली माणसं विलायतेला निघाली होती. शिसवी टेबल, सहा जणांचं, आरशासारखं पुसलेलं. खुर्च्या मात्र पाचच. “सहावी नाहीच,” मडम म्हणाली आणि प्राणेशनं भीतभीत सांगितलेल्या किमतीला लगेच मान हलवली. अनुसूयेनं तिथं एक गोष्ट पाहिली होती. टेबल मोकळं असूनही घरातली सगळी माणसं व्हरांड्यात उभी राहून, बशा हातात धरून जेवत होती. आवराआवर चाललीय, असं तिनं तेव्हा मनाशी म्हटलं.

टेबल आलं. वसुमतीबाईंनी त्यावर गोमूत्र शिंपडलं, खरकट्याचे नियम घातले. भीमाचार्य खुर्चीवर ताठ बसले, केळीच्या पानाभोवती पाणी फिरवलं आणि रोजच्यासारखी उजवीकडे चित्राहुती घातली. भाताची चार शितं, ज्यांना कुणी वाढत नाही त्यांच्यासाठी. जमिनीवर बसत तेव्हा त्या शितांच्या पलीकडे भिंत होती. टेबलावर पलीकडे ती सहावी, बिनखुर्चीची जागा होती. वाढायला उभ्या असलेल्या अनुसूयेच्या मनात आलं, हे तर कुणाला तरी पान वाढल्यासारखं झालं. पण नव्या सुनेनं मामंजींना शास्त्र शिकवायचं नसतं.

त्या दुपारी शितं नाहीशी झाली. मुंगी नाही, माशी नाही. दुसऱ्या दिवसापासून भात कमी पडू लागला.

सगळ्यांची जेवणं होऊन घर आडवं झालं की अनुसूया एकटी टेबलाशी बसे. भर दुपार. बाहेर बादामाच्या झाडावर कावळाही ओरडत नसे. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत येई आणि तिथंच थांबे. मग विझलेल्या मेणबत्तीचा वास येई... आणि समोरच्या त्या जागी, काळ्या लाकडावर, वाफेचा एक लहानसा गोल उमटे. मावळे. पुन्हा उमटे. कुणी खाली वाकून श्वास घेतल्यासारखा. तोवर पातेल्यात काही उरलेलं नसे. ताकाला मात्र ते शिवत नसे. तेवढ्यावर अनुसूयेचे दिवस चालले होते.

पहिल्यांदा ती घाबरून उठली होती. पुढे उठण्याचंही त्राण उरलं नाही. बाईच असणार, तिला वाटे. सगळ्यांच्या मागून जेवणारी, पातेलं चाटूनपुसून ठेवणारी.

त्या रविवारी वसुमतीबाईंनी फर्मावलं, “अनुसूया, आज तू आमच्याबरोबरच बस. पातेली इथेच आण. बघू तरी.”

“अम्मा, काय हे?” प्राणेश पुटपुटला.

“तू गप रे.”

सरी, बरं तर, अनुसूयेनं मनाशी म्हटलं आणि पाचव्या खुर्चीवर बसली. भीमाचार्यांनी चित्राहुती घातली. वसुमतीबाईंनी स्वतः चौघांना वाढलं आणि सुनेच्या पानाशी येऊन हात थांबवला. “तू घे तुझं. किती लागतं, कळू दे.” पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. अनुसूयेनं हात पुढे केला नाही. ती नुसती त्या जागेकडे बघत राहिली.

मेणबत्तीचा वास आला. “कुणी दिवा विझवला का?” भीमाचार्य म्हणाले.

कमलानं पुन्हा भात घ्यायला झाकण उचललं. “अम्मा... आत्ता तर...” पातेल्याच्या बुडाशी ओरखड्यांसारख्या रेघा होत्या. एक शीत नव्हतं. सगळ्यांचे डोळे अनुसूयेच्या पानाकडे गेले. पान हिरवंगार, कोरडं. कडेला मीठ आणि लिंबाची फोड, वाढली तशीच.

भीमाचार्यांनी आपला उजवा हात हळूच मांडीवर ओढून घेतला. त्यांच्या शेजारी लाकडावर वाफेचा गोल उमटत होता, मावळत होता. आता पाचही जण तो बघत होते. मग ताकाच्या भांड्यातली पळी, कुणी न धरता, सावकाश एका बाजूला कलली.

“अनुसूया...” वसुमतीबाईंनी त्या जागेकडे बोट केलं. “कोण आहे गं... तिथं?”

या घरात आल्यापासून अनुसूया पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. आवाजात भीती नव्हती, फार थकवा होता.

“आत्याबाई, मी अजून जेवले नाही. आणि आज तिला ताकही हवंय.”