कुलपाबाहेर थांबलेला कॉल

खोटं वाटलं तर खुशाल हसा. मीही हसले असते. पण यात माझा सख्खा भाऊ आहे, आणि त्याच्या नावाने मी थापा मारणार नाही.

गेल्या रमजानमधली गोष्ट. गाव स्फाक्स. वेळ ऐन रोजा सोडायची.

मी रुग्णवाहिका पाठवणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. धाकटा भाऊ मोन्जी तिथेच गाडी चालवतो.

आमच्या प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी शेकडो कामं चालतात. दोन कामांनी एकाच गाडीवर हात टाकू नये म्हणून मध्ये कुलपं असतात. एकाने कुलूप लावलं की बाकीचे बाहेर थांबतात. चाळीतल्या सामायिक संडासासारखं. कुणी उगाच कडी लावून बसलं की रांग खोळंबते. आमच्याकडे रांग खोळंबली तर माणूस मरतो.

म्हणून अशी फुकटची कुलपं आपोआप शोधणारं टूल मी बनवलं होतं.

त्या संध्याकाळी त्याने एक कुलूप दाखवलं. कायम लावलेलं. आत काहीच काम नाही...

आणि बाहेर एक कॉल थांबलेला.

"हे कुणाचं पाप?" शेजारी बसणाऱ्या अनवरने विचारलं.

"सी ब्राहिमचं." ते आमचे जुने साहेब, आता निवृत्त; 'सी' म्हणजे आमच्याकडे 'श्री'. कुलूप एकाच पत्त्यासाठी होतं. गावाबाहेर, जैतुनाच्या बागांमधलं एक घर.

"म्हातारबा लावून विसरले, आणि तिकडे कुणीतरी बिचारं ताटकळतंय," म्हणत अनवरने ते काढून टाकलं.

कॉल पुढे सरकला. प्रोग्रॅमने सगळ्यात जवळची गाडी निवडली.

मोन्जीची.

मी हेडफोन लावून तो कॉल ऐकला. चमच्यांचे आवाज येत होते, पुष्कळ माणसं जेवायला बसल्यासारखे. बोलत मात्र कुणीच नव्हतं...

मग एक बाई हळूच म्हणाली, "आला का?"



बाहेर अजान झाली. रस्ता ओस पडला. मी सी ब्राहिमना फोन लावला.

"माफ करा, जेवताना त्रास देते. ते बागेतल्या घराचं कुलूप..."

"काढलंत?"

"आत्ताच."

"कोण गेलंय, सिहेम?"

"मोन्जी."



"त्या घरात कुणी राहत नाही, पोरी. माझा एक ड्रायव्हर गेला होता. गाडी अंगणात सापडली, दिवे चालू. तो अजून सापडलेला नाही. कॉल खोडला की दुसऱ्या नंबरावरून यायचा. नुसता थांबवून ठेवला, तेव्हा कुठे गप्प बसला. आधी पोराला फिरव, मग कुलूप लाव, नाहीतर तोही आत अडकेल."

मोन्जीने फोन लगेच उचलला.

"ताई, झाडांत उजेड दिसतोय. दारात कुणीतरी उभं राहून हात करतंय."

"उतरू नकोस. मागे फिर."

"पेशंट टाकून? डोकं फिरलंय का तुझं?"

"आईची शपथ आहे तुला, मोन्जी."

पलीकडे गाडीचं दार वाजलं...

फोन कट झाला.

मी कुलूप परत लावलं. तीनदा चुकून चौथ्यांदा लागलं. मग नुसती रडत बसले. 

आणि मोन्जी आला. स्वतःच्या पायांनी, हसत.

"रडतेस काय, वेडे? गाडीचं दार उघडलं होतं, पण तू शपथ घातलीस ना. मग तसाच वळलो."

घरी आईने गरम शोरबा वाढला. त्याने दोनदा मागून घेतला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी टूलने तेच कुलूप पुन्हा दाखवलं. कायम लावलेलं, आत काहीच काम नाही.

पण बाहेर आता दोघं थांबले होते.

एक तो कॉल.

दुसरा, मोन्जीच्या गाडीतून आलेला संदेश. ड्रायव्हर पेशंटच्या दारात पोहोचला की बटण दाबतो, तो...

"पोहोचलो. आत जातोय."

मोन्जी म्हणतो, मी बटणाला हातही लावला नाही.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ती रोज त्याला वाढते, आणि मी समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहते. हसणं तेच, बोलणं तेच.

टूल रोज सांगतं, हे कुलूप फुकटचं आहे, काढून टाका.

काढायची माझी हिंमत नाही. पण तिकडे आत गेलेला माझाच भाऊ असेल, तर मीच त्याला कोंडून ठेवलंय.