वाळूतल्या माणसांची आखणी

पेणला आमच्या कारखान्यात डोळे सगळ्यात शेवटी काढतात. रंग, दागिने, शेला झाला की मूर्ती माझ्या पाटासमोर येते आणि मी आखणी करते, म्हणजे डोळे रेखते. बिनडोळ्यांची मूर्ती दाराबाहेर पाठवायची नाही, असा इथला रिवाज. त्यात मी कधी देवाधर्माचं काही पाहिलं नाही. हाताला सवय आहे आणि त्यावर पोट भरतं, एवढंच.

यंदा गणपती संपल्यावर मालक सुशीलदादांनी वेगळंच काम आणलं. मुंबईच्या एका पर्यटन कंपनीला प्रदर्शनासाठी टेबलावर मावेल असा ओमान हवा होता. निझवाच्या किल्ल्याचा गोल बुरूज, त्याखालचा बाजार, कातळांमधलं हिरवं पाणी, लोबानाची झाडं, आणि मधोमध वाहिबाच्या वाळूच्या टेकड्या. वाळू त्यांनी तिकडचीच पाठवली होती, मऊ, तांबूस. शिवाय बघायला आलेले पाहुणे म्हणून बोटाच्या पेराएवढी माणसं करायची होती, चेहरे कोरे ठेवून.

"तुला जमंल ना गो? नायतर दुसऱ्या कुणाला देतो," सुशीलदादांनी विचारलं. त्यांना अवघड वाटत होतं, कारण माझा नवरा प्रविण त्याच वाहिबात पाहुण्यांना जीपमधून फिरवायचा. उन्हाळ्यात जीप सापडली, तो सापडला नाही. मी म्हटलं, हे काम मीच करणार.

घरच्यांना वेगळीच घाई झाली होती. माझा दीर हिरामण रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून येऊन बसला. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तेव्हा येत्या अमावास्येला कुंडलिकेच्या काठी उरकून घेऊ, आईच्या डोळ्याला डोळा नाही, असं तो सांगत राहिला. मी त्याला चहा दिला.

"पुतळे मी करते, भावोजी. माझ्या नवऱ्याचा कुणी करायचा नाय."

तशीच रागात कारखान्यात गेले आणि सवयीने त्या पाहुण्यांना डोळे काढत सुटले. शेवटच्या माणसापर्यंत पोचल्यावर चूक ध्यानात आली. पुसायला हवे होते, पण पुसले नाहीत. आता बघताच आहात तर त्याला शोधा, असं त्यांना म्हटलं. डोकं तापलं की माणूस भिंतीशीही बोलतो.

दुसऱ्या दिवशी बुरुजावरची माणसं खाली बाजारात होती. झाडणाऱ्या बाईचा धक्का लागला असेल म्हणून मी बुरूज वाकून पाहिला. वर त्यांच्या तळव्यांचे डिंकाचे ठसे न उखडता जागच्या जागी होते. मग पाण्याकाठची माणसं हलली, मग लोबानाखालची. वाळूवर मुंगी गेल्यासारख्या बारीक ओळी उमटायला लागल्या, सगळ्या टेकड्यांकडे जाणाऱ्या. सुशीलदादांनी कुलूप बदललं. एकदा वाळू हाताने सारखी करून गेले, सकाळी ओळी पुन्हा होत्या. त्यांनी मला डोळे पुसायला सांगितलं. तुमचं तुम्ही पुसा, मी म्हटलं. ते टेबलापर्यंत गेले आणि हात न लावता परत आले.

अमावास्येच्या आदल्या सकाळी सगळी एका टेकडीच्या पायथ्याशी रिंगण करून उभी होती. माना खाली. मी ती सरळ मानेची केली होती. वाकून पाहिलं तर सगळ्यांचे डोळे मिटलेले.

मला समजलं. न समजायला मी कुक्कुलं बाळ नाही. समजलं, आणि मी ते मानलं नाही.

रंग कालवला आणि एकेकाची पापणी पुन्हा उघडली. "नीट बघा," मी म्हटलं. "तो नाय तिथं."

संध्याकाळी हिरामणचा फोन आला. पानं आणून ठेवली होती, भटजी ठरले होते. पुतळा केलात तर यापुढे मला वहिनी म्हणू नका, असं मी सांगितलं. तो चिडला नाही. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"वहिनी, त्याला सुटू दे आता."

मी फोन ठेवला.

सकाळी कारखाना उघडला तेव्हा रिंगणातल्या माणसांनी माझ्या बाजूला वाट सोडली होती. मधोमध एक जण उभा होता. तो मी केलेला नव्हता.

बाकीची माणसं वाळलेली, रंगवलेली. हा ओल्या मातीचा. उभं राहायची ढब, किंचित उतरलेला डावा खांदा, सगळं प्रविणचं होतं. चेहरा कोरा होता.

सुशीलदादा उंबऱ्यापाशी थांबले. "सगुणा," ते हळू म्हणाले, "ह्याला डोळे काढू नको."

मी सगळ्यात बारीक ब्रश घेतला.

उजवा डोळा काढला. त्याने माझ्याकडे बघितलं. मला खूप बरं वाटलं.

डाव्यासाठी रंग घ्यायला वळले. परत पाहिलं तर उजवा मिटला होता.

मी तो पुन्हा काढला.

तो पुन्हा मिटला. या वेळी पापणीखालून पाणी येत होतं.

मी ते पदराने टिपलं आणि पुन्हा डोळा काढला.