तिसऱ्या हाकेपर्यंत

शहापूरच्या एसटी स्थानकात मुरबाडच्या गाडीची वाट पाहत बसलेली रविना हातातल्या मोबाइलवर मनःपूर्वक संतापली होती. भाद्रपदातले मेघ डोंगरमाथ्यावर टेकले होते, बाकालाही ओल आली होती; परंतु तिचे सारे चित्त पडद्यावरच्या बंदुकीत गुंतले होते.

"अरे, भिंतीकडं तोंड करून काय उभा राहिलास? मी पाठीशी आलेय, मेल्या, वळ तरी! कुनी बनवलाय हा गेम? सापडू दे मला एकदा..."

"सापडला," शेजारून आवाज आला. "मीच तो."

रविनाने वळून पाहिले. एक सडपातळ तरुण छातीशी पिशवी धरून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. डोळ्यांत मात्र राग नव्हता. निकालाच्या फलकापुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याची आर्तता तेवढी होती.

"तुमी?"

"दीपेश. रेश्माचा भाऊ. तुमच्या क्लासला येते ना, ती." तो क्षणभर थांबला. "रविवारी तुमच्या चॅनेलवर याच गेमबद्दल बोलणार ना?"

"बोलणार."

"मग आता शिव्या जरा हळू द्या. कंडक्टर ऐकतोय."

तिला हसू आवरले नाही. गाडी लागली, तसा तोही तिच्यामागून चढला.

"मुरबाडला काम हाय?"

"नाय. उरलेल्या शिव्या ऐकायच्यात."

रविना मूळची टोकावड्याची, आता राहायला मुरबाडला. शहापुरात ती संगणकाचा वर्ग चालवी, आणि रविवारी मराठीतून नव्या खेळांचे परीक्षण करी. तिचा शब्द मुले प्रमाण मानीत, कारण तो कधी विकला गेला नव्हता. दीपेशच्या खेळाचे नाव होते 'धुक्यातली चौकी'. सिद्धगडाच्या अरण्यात एक वनरक्षक लाकूडचोरांचा पाठलाग करतो; खेळणाऱ्याला सारे त्याच्याच डोळ्यांनी दिसते — पुढे रोखलेली बंदूक, आणि तिच्यापलीकडे रान.

त्या आठवड्यात दीपेशला रोजच मुरबाडला जावेसे वाटू लागले. येताना तो रुमालात भाजलेली मक्याची कणसे आणी, आणि तिने एकेक दोष काढावा, त्याने एकेक दाणा सोलावा, असा तो प्रवास चाले.

"सागाच्या वाळल्या पानांवरून तुमचा रक्षक धावतो, अन् पानाचा आवाज नाय?"

"त्याचे पाय हलके हायत."

"अन् चोरांना दाट धुक्यातूनही तो दिसतो!"

"देखणा हाय ना," दीपेश म्हणाला आणि लगेच खिडकीबाहेर पाहू लागला.

ती हसली खरी, परंतु शुक्रवारी ते हसू मावळले. वर्ग सुटल्यावर रेश्मा मागे रेंगाळली. "मॅडम, पुण्याची एक कंपनी दादाचा गेम घेणाराय. पण रविवारी तुमी काय बोलताय ते ऐकूनच ठरवणार म्हनतात. त्यानं तुमाला सांगितलं नसंल."

त्याने सांगितले नव्हते. आणि नेमके तेच रविनाच्या जिव्हारी लागले. खोटे बोलावे, तर त्याच्या डोळ्यांना डोळा कसा भिडवावा? खरे बोलावे, तर तो डोळे वर करून पाहील का? लोकांना सांगण्याआधी त्याला सांगायचे, तेही त्या रानातच, असे तिने ठरवले.

शनिवारी दोघे सिद्धगडाच्या पायथ्याशी पोहोचले. तिथेच राहणाऱ्या तिच्या वत्सलामावशीने चहा दिला, पाहुण्याला नखशिखांत न्याहाळले, आणि बजावले, "धुकं उतरलं का मागं फिरा रं. अन् रविना, रानातला नेम ध्यानात हाय ना?"

रानवाटेने दोघे बरेच वर चढले. अखेर ती थांबली.

"दीपेश... गेम चांगला नाय."

"कुठला भाग?"

"सगळाच. रान हाय, पण त्यात जीव नाय. रक्षकाचा साथीदार कड्यावरून पडतो, अन् रक्षक वळूनही बघत नाय. पुढं गोळ्या झाडत जातो. उद्या मी हेच बोलणार. कंपनीचं माहीत असूनही."

त्याचा चेहरा उतरला. "बोला," एवढेच म्हणून तो झपाट्याने पुढे निघाला. ती मागून निघाली, आणि त्याच वेळी धुके उतरले. पाहता पाहता झाडे गेली, वाट गेली, त्याची पाठही गेली. उजवीकडे कुठेतरी खोल दरीत ओढा गर्जत होता.

"रविना!"

तिच्या ओठांवर आलेली ओ तिने गिळली. मावशीचा नेम तिच्या रक्तात मुरलेला होता — रानात हाक आली, तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नव्हे, ते नाही.

"रविना!"

ही हाक अधिक दूरची होती... आणि उजवीकडची. ओढ्याकडची.

ती श्वास रोधून तिसऱ्या हाकेची प्रतीक्षा करीत राहिली. हाक आली नाही. कुणाच्या तरी पावलांखाली पाने मात्र वाजली. ती पावले दूर जात होती. तिच्या डोळ्यांपुढे पडद्यावरचा तो साथीदार उभा राहिला — कड्यावरून निःशब्द खाली जाणारा — आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम तिने मोडला.

"दीपेश! उभा राहा! हलू नको, दीपेश!"

पावले थांबली. मग कापऱ्या आवाजात उत्तर आले, "उभाच हाय... पुढं पायाखाली कायच नाय, गो."

आवाजाच्या धाग्याने ती त्याच्यापर्यंत गेली आणि मनगट धरून तिने त्याला मागे ओढले. वाऱ्याने धुके क्षणभर सारले. दोघांनीही एकदाच खाली पाहिले.

"तिसरी हाक का नाय मारलीस?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"दोनदा ओ नाय आली. वाटलं, पडलीस कुठं. शोधायला निघालो."

"तिसऱ्या हाकेला ओ देतात, शाण्या!"

"शहापुरात पहिल्याच हाकेला देतात."

ती रडता रडता हसली. परतताना तिने मनगट सोडले नाही, त्यानेही सोडवून घेतले नाही. पायथ्याशी आल्यावर तो हळूच म्हणाला, "रक्षकाला एवढी हत्यारं दिली मी. हाक मारायची सोयच नाय केली. उद्या खरंच बोल."

ती खरेच बोलली. कंपनीने नकार कळवला. त्यानंतर मुरबाडच्या गाडीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. रेश्माला विचारावे, तर ती म्हणे, "दादा खोलीतनं बाहेरच येत नाय." आपण सत्य राखले आणि माणूस गमावला, असे रविना मनाशी म्हणू लागली.

नवरात्र सरत आले असता, एका सायंकाळी, त्याच बाकावर, भाजल्या कणसाचा वास आला. तिने मान वर केली नाही. धीरच झाला नाही. दीपेशने तिच्या हाती मोबाइल ठेवला.

पडद्यावर धुके होते, आणि या वेळी ते आंधळे करणारे होते. पावलांखाली पाने वाजत होती. साथीदार दिसेनासा झाला. रक्षकाने बंदूक खाली केली आणि हाक मारली. उत्तर आले नाही.

"ओ कुठं हाय?" तिने विचारले.

"तीच राहिलीय. तुझा आवाज हवा. देशील?"

"देईन. पण तिसऱ्या हाकेला हं. रानाचा नेम."

"मान्य." त्याने रेकॉर्डिंग सुरू केले, मोबाइल दोघांच्या मध्ये धरला, आणि घसा खाकरून हाक मारली, "रविना..."

"ओ."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. "अगं... पहिलीच हाक होती."

"माहीत हाय मला," रविना म्हणाली, आणि त्याच्या हातातले कणीस काढून घेऊन शांतपणे दाणे सोलू लागली.