एकोणीस मिनिटं

पहाटे पाच वाजता मिरजेच्या वरच्या वस्तीत वीज परत आली आणि सगळे घरगणक एकदम जागे झाले. म्हणजे शेजारपाजारचे झाले. आरग्यांचा अजून व्हायचा होता.

रात्री बारा ते पाच गावाची वीज साठवणीला जायची. त्यामुळे घर चालवणारं हे यंत्र रोज बंद व्हायचं आणि रोज नव्यानं सुरू व्हायचं. मगदूमांकडे पाणी तापायला लागल्याची घरघर भिंतीतून ऐकू आली. वैजयंता आरगेच्या स्वयंपाकघरात मात्र पडद्यावर एक पिवळा ठिपका गोल गोल फिरत होता, आणि ती हातात वही घेऊन त्याच्यासमोर उभी होती.

ठिपका विझला. दिवे लागले. तिनं लिहिलं : अठ्ठावीस फेब्रुवारी. एकोणीस मिनिटं.

वैजयंता हवामान केंद्रात अंदाजकार होती. तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागांना रोज पहाटे सव्वापाचला घरूनच अंदाज पाठवायचं काम तिच्याकडे होतं. हल्ली अंदाज उशिरा निघे आणि बागायतदारांचे फोन येत. "बाई, आज आभाळ उठायचंय का अजून?"

वहीत मागचे आकडेही होते. दिवाळीत नऊ सेकंद. संक्रांतीला चार मिनिटं. आता एकोणीस. आणि त्याच पानावर, समोरच्या बाजूला, हिरव्या शाईत दुसरी एक नोंद होती : शर्वाणी लिमये महिन्यातून किती वेळा आली. दोन गोष्टी एकदम वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असं होत नाही, हे केंद्रातल्या नव्या मुलांना तिनं कितीदा तरी शिकवलं होतं. वही तिनं मुलांना दाखवली नव्हती, एवढंच.

शर्वाणी गायिका होती. वैजयंताचा नवरा अच्युत तंबोरे दुरुस्त करायचा. घराची पुढची खोली म्हणजे त्याचा कारखाना. तारा ज्या घोडीवरून जातात ती कानशीनं हळूहळू घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून सूर गुंजता करायचा, याला जवारी काढणं म्हणतात. चांगली काढलेली जवारी वर्षभर सहज टिकते. अच्युतची तर दोन वर्षं टिकायची. शर्वाणीच्या तंबोऱ्याची पंधरा दिवसांत बिघडायची.

"गाते तरी किती ही बाई!" वैजयंता एकदा म्हणाली होती.

"रियाज जास्त आहे तिचा," अच्युत म्हणाला. विचारायच्या आधीच पुढे म्हणाला, "आणि लाकूड ओलं आहे."

दोन कारणं. एक पुरलं असतं. वैजयंताला दुसऱ्या कारणाचा राग आला.

तेव्हापासून ती कप मोजायची. गुरुवारी तिची दिवसपाळी असे. परत आल्यावर ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले असत. मग एका गुरुवारी एकच. मग एकही नाही. एकही कप नसण्याचा तिला सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण सकाळी स्वतःचा कप तिनं मुद्दाम न धुता ठेवला होता. तिनं पाळी बदलून बुधवार घेतला, तर मंगळवारी वैजयंता बाजारात गेली तेवढ्यात शर्वाणी येऊन गेली. अच्युतनं एवढा विचार आयुष्यात कधी तिच्या वाढदिवसाचासुद्धा केला नव्हता.

घरगणकावर मात्र सगळे घरगुती उपाय झाले. पुण्याहून मुलीनं सांगितलं, "आई, जुनं काढून टाक, भरलाय तो." वैजयंतानं तीन लग्नांची चित्रणं हलवली. दिरांनी सांगितलं, सुरू होताना आपोआप उठणाऱ्या गोष्टी बंद करा. तिनं पहाटेची भजनं बंद केली, मुलीचा शाळेतला खेळ बंद केला. अच्युतनं खोका उघडून ब्रशनं धूळ झाडली. एकोणीसची वीसही झाली नाही आणि अठराही.

शेवटी रविवारी सकाळी सलमा शिकलगार आली.

सलमा कुठल्या कॉलेजात शिकलेली नव्हती. नवऱ्याच्या सायकलीच्या दुकानात मागे बसून तिनं पहिला घरगणक उघडला, आणि आता सांगलीपासून लोक तिला बोलवायचे. तिनं चप्पल काढली, यंत्राला तार जोडली, चष्मा डोक्यावरून नाकावर आणला आणि नोंदी वाचू लागली.

"खराब झालाय का?" वैजयंतानं विचारलं.

"झकास आहे. धूळपण नाही."

"मग हा उठत का नाही?"

"उठतो की. विचार करत बसतो." सलमानं पडदा तिच्याकडे वळवला. "वहिनी, तुम्ही अंदाजवाल्या. तुम्हाला पटकन कळेल. घरगणक सुरू झाला की आधी पूर्वफेरी करतो. घरात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा त्याच्याकडं एक स्वभावसाचा असतो. कधी उठतो, काय खातो, कशानं चिडतो. ते साचे तो पटापट दिवसभर चालवून बघतो. कुणाला काय लागणार ते आधी कळलं, की त्याप्रमाणं पाणी, दिवे, चहा."

"साचे किती आहेत?"

"म्हणजे?"

"आमच्या घरात. किती माणसांचे साचे आहेत?"

सलमानं चष्म्याच्या वरून पाहिलं. "दोन."

"तिसरा नाही? नक्की?"

"मुलगी गेल्यावर तिचा काढला. दोनच."

वैजयंताला हायसं वाटायला हवं होतं. पण तीन असते तर निदान प्रकरण मिटलं असतं.

"मग वेळ कुणाचा लागतो? यांचा ना? यांच्या मनातलं लवकर सापडत नसणार."

"दादांचा साचा एकटा चालवला तर चार सेकंद. तुमचा एकटीचा चार. दोन्ही जुळवायला एक. झाले नऊ."

दिवाळीचा आकडा. वैजयंता खुर्चीवर बसली. "आणि एकत्र?"

"एकत्र चालवले की एकोणीस मिनिटं. आता मला सांगा, तुम्ही गारपिटीचा अंदाज दिला, तर ढग तो ऐकून बेत बदलतो का?"

"नाही बदलत. म्हणून तर आमचं निभतं."

"माणूस बदलतो. दादा काय करणार हे यंत्र बघायला जातं. ते अवलंबून आहे तुम्ही काय बघणार यावर. तुम्ही काय बघणार, ते अवलंबून दादा काय लपवणार यावर. ते काय लपवणार, ते तुम्ही काय ओळखणार त्यावर. यंत्र बिचारं इकडून तिकडं, तिकडून इकडं. लागोपाठ दोन फेऱ्यांचं उत्तर एक आलं की ते थांबतं. तुमच्याकडं येतच नाही. मग एकोणीस मिनिटांनी ठरवून दिलेल्या फेऱ्या संपतात आणि ते सोडून देतं. आमच्यात याला अन्योन्यगाठ म्हणतात."

"कुणी ठेवलं हे नाव?"

"मीच," सलमा जरा लाजून म्हणाली. "कंपनीच्या पुस्तकात या पानाला नुसता आकडा आहे."

पुढच्या खोलीतून तंबोऱ्याची एक तार वाजली, थांबली, पुन्हा वाजली. वैजयंतानं आवाज खाली आणला. "म्हणजे हे लपवतात, हे खरं."

"लपवतात. काय ते यंत्राला कळत नाही. बाईपण असेल, बिडीपण असेल. आणि वहिनी, माझा एक नियम आहे. घरातल्या एका माणसाच्या साच्यातलं मी दुसऱ्याला सांगत नाही. नाहीतर मला कोण घरात घेईल?"

"उपाय सांग."

"पूर्वफेरी बंद करू? लगेच सुरू होईल. पण मग घर आंधळं. दादांच्या खोलीतला ओलावा पहाटेच राखावा लागतो, तो राहणार नाही. तंबोऱ्यांचे भोपळे तडकतील."

"तडकू देत," असं वैजयंताच्या ओठांवर आलं होतं. त्या खोलीतल्या भोपळ्यांचाही तिला हेवा वाटायचा. त्यांच्या पाठीवरून अच्युतचा हात दिवसभर फिरत असे. ती म्हणाली, "दुसरा?"

"दोघांपैकी एकानं सोडायचं. गाठीला दोन्ही टोकं ओढलेली लागतात. तुम्ही बघायचं सोडलं तर तुमचा साचा मोकळा झाला, किंवा दादांनी तुमचा अदमास घ्यायचं सोडलं तर त्यांचा. कुठलंही एक सुटलं, की नऊ सेकंद."

"कुठलंही?"

"यंत्राला काय त्याचं!"

सलमा चहा पिऊन गेली. वैजयंतानं जेवताना विषय काढला.

"सलमा म्हणते, मी तुमच्यावर डोळा ठेवायचा सोडला तर यंत्र नीट होईल."

अच्युतनं भाकरीचा तुकडा मोडला. "एवढंच? मला वाटलं भाग बदलायला लागतोय."

"सोडते म्हणाले मी."

"बघ बाई, वैजू. तुझं ते केंद्र बंद पडेल."

ती हसली. तोही हसला. त्या हसण्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणून तिनं खरोखर ठरवलं. सोमवारी तिनं कप मोजले नाहीत. मंगळवारी वही कपाटात टाकली. दोन्ही दिवशी यंत्राला एकोणीस मिनिटंच लागली, कारण साच्याला खरं काय ते ठाऊक होतं : कप मोजले नव्हते, पण ओट्याजवळून जाताना मान मुद्दाम फिरवली होती.

बुधवारी तिनं केंद्रात सांगितलं, डोकं दुखतंय. अकरालाच घरी आली. चपला हातात घेऊन आली, हे तिला स्वतःला दारात पोचल्यावर कळलं.

पुढच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. शर्वाणी सतरंजीवर बसली होती, तंबोरा मांडीवर आडवा. अच्युत घोडीवर वाकून नखानं सुताचा धागा सरकवत होता. दोघांची डोकी हातभर अंतरावर होती. कपात चहा होता. दोन कप, उघड्यावर. एक शर्वाणीच्या हाताशी, त्यावर तिच्या ओठांचा रंग.

वैजयंता वाट बघत उभी राहिली. आता तो दचकेल. आता लाकूड ओलं असल्याचं सांगेल.

अच्युतनं मान वर केली. "आलीस? बरं झालं. चहा ठेव अजून थोडा." आणि पुन्हा धाग्याकडे वळला.

"बसा ना वहिनी," शर्वाणी म्हणाली. "हा षड्ज ऐका, आता कसा उघडलाय."

तार वाजली. खोलीभर तो सूर पसरत गेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. वैजयंता हातात चपला धरून ऐकत राहिली. तिला रडूच यायला लागलं. किती साधं होतं सगळं! लपवायला काही असतं तर माणूस दचकला असता. तिनं चपला खाली ठेवल्या आणि तिघांचा चहा केला, आलं घालून. शर्वाणीला तिनं चिवडाही दिला. चिवडा घरचा होता. वैरिणीला तिनं तो दिला नसता. संध्याकाळी दोन्ही नव्हे, तिन्ही कप तिनंच धुतले.

गुरुवारी पहाटे पाचला वीज आली. वैजयंता सवयीनं पडद्यासमोर येऊन उभी राहिली. पिवळा ठिपका उगवला, गोल फिरला आणि तिचं घड्याळ बघून होईपर्यंत दिवे लागले. पाणी तापायला लागलं. चहा उकळला, आलं बेताचं, साखर अर्धा चमचा, अगदी तिला लागतो तसा.

नऊ सेकंद.

तिनं सव्वापाचला अंदाज पाठवला, वेळेवर : आकाश निरभ्र. सात वाजता तिनं सलमाला फोन लावला.

"सलमा, उठला गं! नऊ सेकंदांत उठला!"

"मुबारक! म्हटलं नव्हतं? जमलं ना तुम्हाला. थांबा, इथूनच बघते जरा नोंद, कसं झालंय ते." पलीकडे बटणांचा आवाज आला. "सोपं नसतं हां वहिनी. चाळीशी-पन्नाशीत बाईमाणसानं बघायचं सोडायचं म्हणजे..."

सलमा बोलायची थांबली.

वैजयंताच्या हातात कप होता. सोडलं मी, असं ती म्हणणारच होती. पण ते खरं नव्हतं. काल डोकं दुखत नव्हतं. काल चपला हातात घेतल्या होत्या. आणि आत्ता, यंत्र उठल्यावर सगळ्यात आधी तिनं जाऊन काय पाहिलं असेल, तर पुढच्या खोलीत सतरंजी घडी घातलेली आहे की पसरलेली. तिचं टोक सुटलं नव्हतं. उलट गाठ तिनं कालच जास्त ओढली होती.

आणि गाठ तर सुटली होती.

ती मनात आकडेमोड करू लागली, केंद्रात करायची तशी, पायरी पायरीनं. एक टोक सुटल्याशिवाय नऊ येत नाहीत. हे टोक माझं नाही. मग उघडं दार आठवलं. उघड्यावरचे कप. न दचकलेली मान. कुठलंच कारण नाही; एक नाही, दोन नाहीत. काल तिला ते स्वच्छ मन वाटलं होतं. असेलही. पण मन स्वच्छ झालं म्हणून असो की मन उडालं म्हणून असो, ती काय म्हणेल हा प्रश्न त्या माणसानं मनातून काढून टाकला होता. यंत्राला तो आता चार सेकंदांत उलगडत होता.

दिवाळीतही नऊच होते. तेव्हा दोघंही बघत नव्हते, आणि तिला ते सुख वाटलं होतं. मग संक्रांतीपासून रोज पहाटे यंत्र दमून जाईपर्यंत ज्या पायऱ्या चढत होतं, त्यातली एकाआड एक पायरी अच्युतची होती : वैजू काय बघेल, वैजूला काय वाटेल, वैजू कधी येईल. इतका विचार तिचा कुणी केला नव्हता. गेल्या आठवड्यातल्या त्या बाईचा, जिच्यापासून नवरा काहीतरी लपवत होता, तिला आता हेवा वाटला.

पुढच्या खोलीत अच्युत उठला होता. काही न बोलता, काही न लपवता, शीळ घालत कानस शोधत होता.

"सलमा," ती म्हणाली, "नोंद बघितलीस ना?"

"बघितली."

"कुठलं टोक ते दिसतं त्यात?"

"माझा नियम आहे, वहिनी," सलमा हळू आवाजात म्हणाली.

"माहीत आहे गं. नको सांगूस." वैजयंतानं कप ओट्यावर ठेवला, अगदी कडेला, कुणाच्याही नजरेला यावा असा. "दुसरंच विचारते. हा परत उशिरा उठेल असं काही करता येतं का?"

फोनमध्ये बटणाचा एकच आवाज आला.

"ती दुरुस्ती मला येत नाही, वहिनी," सलमा म्हणाली.