खिळ्यावरचा शर्ट

तो मोबाइल आधी खाली ठेव, मग सांगतो. आणि खरं का खोटं ते मला विचारू नका. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा साडू. रंगारी होता. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. आयुष्यात एकदाच बोलला, त्याचीच ही गोष्ट.

काम साधंच होतं. तुरुंगातल्या एका रांगेतल्या कोठड्यांना चुना द्यायचा. कैदी दुसरीकडे हलवलेले, रविवारी सकाळी परत यायचे, म्हणून शनिवारी रात्रीही काम चालू. जानेवारीतला दुसरा शनिवार. साडू बादली घेऊन शेवटच्या कोठडीत शिरला तेव्हा पावणेअकरा झाले होते. पहारेकरी तेवढ्यात चहाला गेला.

आता थोडं मागचं. त्याच्या बारा वर्षं आधी साडूच्या गल्लीत एका दुकानदाराचा खून झाला. पळणारा माणूस साडूने रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली पाहिला, तोही पाठमोरा. पण कोर्टात छाती पुढे काढून म्हणाला, शर्ट हिरवा होता. मी रंगारी आहे, रंगात चुकत नाही. तसला शर्ट गल्लीत एकाचाच, शिंपीणबाईंच्या मुलाचा. आईनेच शिवलेला. पोरगा तुरुंगात गेला.

अरे, रंगाची छटा दिव्याखाली ठरवायची नसते, उजाडेपर्यंत थांबायचं, हे नवशिक्या रंगाऱ्यालाही ठाऊक असतं. पिवळ्या उजेडात निळाही हिरवट दिसतो. साडूला ते त्याच आठवड्यात खटकलं. पण भर कोर्टात मारलेली फुशारकी गिळणार कशी? गप्प बसला. मला अजून त्याचा राग येतो.

नऊ वर्षांनी खरा खुनी सापडला. पोरगा त्याच्या महिनाभर आधी तापाने तुरुंगातच वारला होता. निर्दोष असल्याचा कागद घरी आला, जप्त केलेला शर्ट घरी आला, पोरगा तेवढा आला नाही. आईने शर्ट दाराच्या आत खिळ्याला टांगून ठेवला.

तर ती कोठडी. तीन भिंती पांढऱ्या झाल्या. चौथीकडे बल्ब वळवला आणि साडू जागीच थांबला. भिंतभर एक दार काढलेलं होतं. कोळसा आणि विटेची भुकटी, वर्षानुवर्षं बोटाने घोटलेली. कडी, फळीला गेलेली चीर, उंबऱ्याचा झिजलेला कोपरा. पुढे आलेल्या कैद्यांनीही त्याला हात लावला नव्हता. साडूने दार ओळखलं. शिंपीणबाईंचं. एकदा त्यानेच रंगवलं होतं.

चुना चढवण्याआधी भिंत बोटांनी वाजवायची, गिलावा पोकळ नाही ना बघायला. हाताची सवय. त्याने वाजवलं.

टक टक.

लाकूड वाजलं.

साडूचा हात तसाच राहिला. आणि मागून... भिंतीवरच्या दाराकडून नव्हे, मागून, अगदी खांद्यापाशी, कुणीतरी हळू म्हणालं, "ते उघडत नाही, काका. मी रोज वाजवतो."

साडू वळला नाही.

"तुम्ही सांगा ना. म्हणजे उघडेल."

...

ब्रशमधून चुना टपकत होता. टप. टप.

"मला..." साडू भिंतीकडेच बघत म्हणाला. "मला रंग कळलाच नव्हता रे, पोरा. दिव्याखाली... कळलाच नव्हता."

कडी वाजली.

गार हवा खांद्याला घासून गेली. मग काही नाही.

सकाळी सहाला त्याने मला उठवलं. शिंपीणबाईंकडे एकट्याने जायची हिंमत नव्हती. त्यांनी दार उघडलं. साडू बाहेरच हात जोडून उभा राहिला आणि सगळं बोलला, कोर्टातलं आणि रात्रीचंही. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बारा वर्षं लागली तुम्हाला," एवढंच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आत या. हे बघा. रात्री दार आतून लावलेलं होतं."

मी आत गेलो. खिळा रिकामा होता. शर्ट नव्हता. खिळ्याखाली भिंतीवर चार बोटं उमटलेली. पांढरी.

साडू अजून उंबऱ्याबाहेरच होता. मी त्या बोटांवर माझं बोट ठेवून पाहिलं...

चुना ओला होता.