लाँच कशाने थरथरते?

"उद्या पहिल्या फेरीला आजोबांच्या शेजारी मी बसणार," ढब्बूने जाहीर केलं.

"गेल्या सुट्टीतही तूच बसला होतास," ताई म्हणाली.

"म्हणून तर! मला त्या जागेची सवय झालीये."

ताई मोठी आणि ढब्बू तिचा धाकटा भाऊ. त्यांचा मावसभाऊ मात्र अजून कोणाच्याच बाजूने बोलला नव्हता. त्याला प्रत्येक गोष्टीत शंका यायची, म्हणून घरात सगळे त्याला शंक्या म्हणत. दर सुट्टीत तिघं आजोबांकडे यायची, ती नदीसाठी. नदीवर माणसं ने-आण करणाऱ्या दोन लाँच होत्या, थोरली आणि धाकटी. आजोबा थोरली चालवत.

"भांडू नका," आजोबा म्हणाले. ते ढब्बूच्या सदऱ्याला बटण लावायला बसले होते. "उद्यापासून थोरली नव्या चालकाच्या ताब्यात जातेय. सकाळी मी शेवटचा बसणार तिच्यावर."

तिघं त्यांच्याभोवती येऊन बसली. मग हळूहळू सगळं कळलं. हल्ली नदीच्या मध्यावर वेग वाढवला की थोरली थरथरायची. वेगाच्या लिव्हरवर आजोबांचा हातही थरथरताना लोकांनी पाहिला होता. म्हाताऱ्याचा हात थरथरतो, म्हणून इंजिन नीट चालत नाही, असं धक्क्याच्या साहेबांनी ठरवून टाकलं.

"आणि ते खरं आहे," आजोबा म्हणाले. "मी स्वतः पाहिलाय माझा हात."

"आजोबा, एक शंका आहे," शंक्या म्हणाला.

"तुला कधी नसते?"

"आत्ता तुम्ही सुईत दोरा ओवलात, तेव्हा हात अजिबात हलला नाही."

आजोबांनी हातातला सदरा खाली ठेवला. "घरी नाही हलत. लाँचवरच हलतो. मनात भीती बसली असेल."

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"थोरली वर्कशॉपमधून आली तेव्हापासून. लाँच दुरुस्त होऊन आली आणि मी बिघडलो." ते हसले, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ताईला रडू आवरेना. ती पाणी प्यायच्या निमित्ताने आत निघून गेली.

सकाळी धक्क्यावर दोन्ही लाँच शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या. आजोबांनी इंजिन बंद असल्याची खात्री केली, किल्ली खिशात टाकली आणि तेल बघायला थोरलीच्या तळातलं झाकण उघडलं. हे ते रोज करत. धाकटीवर तिचा चालकही तेच करत होता.

तिघं आळीपाळीने दोन्हीकडे डोकावली. इंजिन वर होतं आणि पंखा खाली पाण्यात. त्यामुळे मध्ये एक तिरका, आखूड दांडा होता. इंजिनाचं फिरणं तो पंख्यापर्यंत पोचवायचा. दांड्याच्या दोन्ही टोकांना दोन फाट्यांचं एकेक दुबेळकं होतं, आणि तिथला जोड वाकड्या वाटेनेही फिरू शकत होता.

"धाकटीची दोन्ही दुबेळकी उभी आहेत," शंक्या म्हणाला.

"आणि इकडे एक उभं, एक आडवं," ढब्बू म्हणाला. "एकाला झोप आलीये."

वर्कशॉपचे मिस्त्री धक्क्यावरच उभे होते. लाँच नव्या चालकाला देताना त्यांनाही हजर राहायला सांगितलं होतं. ताईने त्यांना हा फरक सांगितला.

"बोल्ट घट्ट आहेत ना? मग झालं," मिस्त्री म्हणाले. "सुट्टीत खेळावं पोरांनी. दांडे कसले बघताय?"

ताईचा चेहरा लाल झाला. पण मिस्त्रींशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. लोकांना दांडा दिसतच नव्हता, आजोबांचा हात मात्र दिसत होता. तेव्हा आधी तो हातच बाजूला करायला हवा, हे तिच्या लक्षात आलं. तिने धाकटीच्या चालकाकडून सुतळी मागून घेतली.

साहेब नव्या चालकाला घेऊन आले. मिस्त्रीही त्यांच्याबरोबर लाँचवर चढले. थोरली निघाली. मध्यावर प्रवाहाला ओढ होती, म्हणून आजोबांनी वेग वाढवला आणि तळापासून थरथर सुरू झाली. लिव्हरवरचा आजोबांचा हात हलू लागला. साहेबांनी नजर दुसरीकडे वळवली. त्यांनाही हे सोपं जात नसावं.

"साहेब, लिव्हर मी दोरीने बांधू का?" ताईने विचारलं. "आहे तेवढ्याच वेगावर. आजोबा हात काढून घेतील."

"भर नदीत असले खेळ नकोत."

"बांधू द्या, साहेब," नवा चालक म्हणाला. "सुकाणू मी धरतो. काही वाटलं तर दोरी मीच सोडेन."

ताईने दोरी पक्की बांधली. आजोबा बाकावर जाऊन बसले. आता लिव्हरला कोणाचाच हात नव्हता. लाँच मात्र होती तशीच थरथरत होती, आणि दोरीत बांधलेली लिव्हरही तिच्याबरोबर थरथरत होती. नव्या चालकाने सुकाणूवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. तेही हलत होते.

साहेब मिस्त्रींकडे वळले. "मिस्त्री, आता कोणाचा हात बदलायचा?"

मिस्त्रींची नजर तळातल्या झाकणाकडे गेली.

धक्क्याला लागल्यावर, इंजिन बंद करून मिस्त्री स्वतः झाकण उघडून तळात उतरले. मधला दांडा एकात एक सरकणाऱ्या दोन तुकड्यांचा होता. त्यांनी तुकडे वेगळे केले, एक तुकडा पाव फेरा फिरवला आणि पुन्हा बसवला. आता दोन्ही दुबेळकी एका रेषेत उभी राहिली.

"तिरका जोड सारख्या वेगाने फिरत नाही," ते वर न बघताच म्हणाले. "एका फेऱ्यात दोनदा घाई करतो, दोनदा रेंगाळतो. दुबेळकी एका रेषेत असली की दुसरा जोड ती चूक भरून काढतो. नसली की चूक दुप्पट होते. ग्रीस भरायला दांडा काढला होता. परत बसवताना खुणा बघितल्या नाहीत. आत बसला, म्हणजे झालं असं वाटलं." मग त्यांनी मान वर केली. "आजोबा, माझ्यामुळे तुम्हाला फार ऐकून घ्यावं लागलं."

"तुझी चूक लोखंडात होती, निघाली," आजोबा म्हणाले. "मी तर स्वतःवरचा विश्वासच सोडला होता. ते जास्त वाईट."

पुन्हा फेरी मारली, तेव्हा आजोबांच्या शेजारी ढब्बू बसला होता. मध्यावर पूर्ण वेग देऊनही थोरली शांतपणे पाणी कापत गेली.

"मी हाताकडे बघितलं, या मुलांनी लाँचकडे बघितलं," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "शाबास, पोरांनो. आजोबा, मला माफ करा. थोरली तुमच्याकडेच राहील."

आजोबांनी लाँच अलगद धक्क्याला लावली आणि इंजिन बंद केलं. सगळे उतरले, तरी ते लिव्हर धरून बसून राहिले. ताई त्यांच्याजवळ गेली. आता मात्र त्यांचा हात खरोखर थरथरत होता. तिने त्यावर आपला हात ठेवला.