मोटारीतला पाळणा

पटलं नाही तर सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. घातला असता, तर स्वतःला जरा बरा माणूस म्हणून तरी दाखवलं असतं.

पडेगावात, दौलताबाद रस्त्याला माझी शेड आहे. जुन्या मोटारी दुरुस्त करून मी त्यांना मूळ रूपात आणतो.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला आप्पासाहेब नावाच्या एका बड्या गिऱ्हाइकाची विलायती मोटार आली. या गाड्यांचा सांगाडा लाकडाचा असतो, त्यावर पत्रा ठोकलेला. इथे सगळं लाकूड वाळवीनं खाल्लेलं. बोट लावलं की भुगा.

नातवाच्या लग्नात त्यांना ती मिरवायची होती. हाताशी दिवस थोडे. नवं लाकूड वाळताना वाकतं, मग दरवाजे बसत नाहीत. जुनं, मुरलेलं सागवान हवं होतं.

तसं सागवान माझ्या घरात होतं...

माझ्या बहिणीच्या पाळण्यात.

मोनिका पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. बाबांनी जुन्या तुळईचं सागवान आणून पाळणा करून घेतला. पोरगी बारशाआधीच गेली. नाव ठेवायचंसुद्धा राहून गेलं.

रिकामा पाळणा हलू नये म्हणून आईनं त्यात वरवंटा ठेवला आणि दोरी खांबाला बांधून टाकली. पिशोरला सासरी परत जाताना मोनिका मला एवढंच म्हणाली,

"दादा, बाकी काय बी कर. ह्यो मोडू नको."

मी मोडला.

आई हर्सूलला मावशीकडे गेली होती. मी वरवंटा उचलून ओट्यावर ठेवला, पाळणा शेडमध्ये नेला आणि करवत लावली. त्याच्या कमानीची गोलाई गाडीच्या मागच्या दरवाज्याला तंतोतंत बसली. तेव्हा मी खुशीत शीळ घातली होती. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

आईला सांगितलं, माळ्यावर ठेवलाय. तिला शिडी चढवत नाही.

पत्रा ठोकून झाला त्या संध्याकाळी मी शेडचं शटर ओढत होतो. तेवढ्यात...

कुई... कुई...

गाडीला अजून चाकं नव्हती. लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. ती हलणार कशी?

पण ती हलत होती. अगदी थोडी. पुढे... मागे...

मी हात लावला की थांबायची.

रोज दिवेलागणीला हेच. वारा असेल, ठोकळा सरकला असेल, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

दिवाळीला मोनिका आली. पुन्हा दिवस गेलेले, सातवा महिना. बाळंतपणापर्यंत राहणार होती. एकदा संध्याकाळी माझा डबा घेऊन शेडमध्ये आली आणि पाय दुखतात म्हणून गाडीत मागे जाऊन बसली.

मी "नको" म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

कुई... कुई...

तिचा हात आपसूक उचलला गेला. दोरी ओढावी तसा... पुढे... मागे...

मी हातातला डबा खाली ठेवला.

"दादा, माझा पाळणा कुठंय रे?"

"माळ्यावर. नीट गुंडाळून ठेवलाय."

आवाज तिथेच थांबला.

गाडीत तो पुन्हा कधीच आला नाही. आप्पासाहेब गाडी घेऊन गेले. लग्नात ती मिरवली. त्यांनी फोन करून पाठ थोपटली. मला वाटलं, सुटलो.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारची संध्याकाळ. आई देवापाशी दिवा लावत होती. मोनिका वाती वळत होती. आणि आमच्या डोक्यावर...

कुई... कुई...

माळ्यावर.

आईनं वर पाहिलं. मोनिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण ती हसत होती.

"दादा, मला वाटलं व्हतं तू मोडला असशील. गाडीत बसले तवा तसंच वाटलं. लई वंगाळ आलं मनात. माफ कर मला."

ती माझी माफी मागत होती! खरं सांगायची तीच वेळ होती. ती मी घालवली.

"खाली काढ ना," ती म्हणाली. "ह्या बाळाला व्हईल."

मी शिडी लावली. चढलो.

माळ्यावर पाण्याचा बंब आणि जुन्या गाद्या. दुसरं काही नाही. पण आवाज माझ्या अगदी तोंडाजवळ होता. तोंडावर हलका वारा यायचा... थांबायचा... पुन्हा यायचा.

"सापडला का?" मोनिका खाली शिडी धरून उभी होती.

मी हात पुढे केला, हाताला काहीच लागलं नाही.

"दादा, हळू काढ," ती कुजबुजली. "झोपली असंल."

नंतर काढतो, असं काहीतरी पुटपुटत मी उतरलो.

आता तिचे दिवस भरत आलेत. रोज संध्याकाळी ती माळ्याखाली येऊन बसते आणि विचारते, "कधी काढतोस?"

मी तिला अजून सांगितलेलं नाही.